मागच्यांसाठी पाच शेर



लढाईच्या इतिहासात सेनापतींची नावं असतात, पलटणींचे नंबर असतात, तोफा किती आणि घोडे किती याचा हिशेब असतो. पण त्या सैन्यानं सकाळी काय खाल्लं, पीठ कोणी मळलं, चूल कोणी पेटवली, हे शोधायला गेलं तर शेवटच्या पानांवरच्या एखाद्या तक्त्यात फक्त एक आकडा हाती लागतो. आज मी अशाच एका आकड्याबद्दल बोलणार आहे. तो आकडा आहे ३,२४८.

२९ एप्रिल १९१६ रोजी इराकमधल्या कुत-अल-अमारा या गावी इंग्रजांच्या फौजेनं तुर्कांपुढं शस्त्रं ठेवली. फौज इंग्रजांची, पण तिचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. शरण गेलेल्यांची नोंद अशी आहे : गोरे अधिकारी २७७, हिंदी अधिकारी २०४, गोरे शिपाई २,५९२, हिंदी शिपाई ६,९८८ आणि ‘फॉलोअर’ ३,२४८. एकूण १३,३०९ माणसं. फॉलोअर म्हणजे फौजेच्या मागून चालणारे. लांगरी, भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले, धोबी, झाडूवाले. यांच्या हाती बंदूक नसते; पण हे नसले तर बंदूकवाला दोन दिवसही उभा राहू शकत नाही.

या ३,२४८ माणसांत आमचे परदादा होते. म्हणजे माझ्या आजोबांचे वडील. कामठीच्या छावणीत ते बावर्ची होते.

तिवस्याच्या आमच्या घरी पत्र्याच्या एका ट्रंकेत त्यांचे कागद आहेत. फार नाहीत, चारच जिनसा. पहिली, छावणीतल्या एका साहेबानं १९१३ साली दिलेली इंग्रजी चिठ्ठी. हा माणूस पाव उत्तम भाजतो, स्वच्छ राहतो, दारू पीत नाही, मात्र रजा फार मागतो, असं तीत लिहिलं आहे. दुसरी, कैदेतून आलेलं एक उर्दू कार्ड. तिसरा, १९१९ सालचा नोकरीतून सुटका झाल्याचा कागद. त्यावर नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा, हुद्दा ‘कुक’ आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. चौथी जिन्नस म्हणजे एक चोपडी. तिच्याबद्दल मी नंतर सांगतो.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक कहाणी चालत आली होती. परदादा बगदादला गेले होते, गौसपाकच्या दर्ग्याची जियारत करून आले, म्हणून त्यांच्या हाताला बरकत होती. गावातही त्यांना ‘बगदादवाले’ म्हणत. ही कहाणी सगळ्यांना आवडायची, कारण तिच्यात फक्त जाणं आणि येणं होतं. मधली चार वर्षं नव्हती.

ती चार वर्षं ट्रंकेत होती. अलीकडं आमच्या कबरस्तानात त्यांच्या कबरीवर नवा दगड बसवायचं ठरलं, तेव्हा त्यावर काय लिहायचं यावरून घरात वाद झाला. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याचं म्हणणं होतं, ‘पहिल्या महायुद्धातले शूर सैनिक’ असं लिहा. घरातले एक वडीलधारे म्हणाले, ‘बगदादवाले’ एवढंच पुरे, कैदेचं नाव कशाला काढता? मी दोघांनाही म्हटलं, आधी कागद काय सांगतात ते नीट बघू. कागद थोडे होते, म्हणून त्यांच्या भोवतीचा इतिहास वाचावा लागला. आणि तो वाचताना माझ्या लक्षात आलं की कुतची सगळी हकीकत स्वयंपाकघरातून सांगितली तर जास्त चांगली कळते.

इंग्रजांनी नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतलं. वर्षभरात जनरल टाउनशेंडची फौज तैग्रिस नदीच्या काठाकाठानं बगदादच्या जवळ पोचली. नोव्हेंबर १९१५ मध्ये सलमान पाक इथं मोठी लढाई झाली. तिथं पैगंबरसाहेबांचे सहकारी हजरत सलमान फारसी यांची मजार आहे. अशा ठिकाणी गोळी चालवायला मुसलमान शिपायांचं मन घेईना, म्हणून इंग्रज अधिकारी त्या जागेला तिच्या जुन्या नावानं, टेसिफोन म्हणत. चार हजारांहून जास्त माणसं गमावून फौज माघारी फिरली, ३ डिसेंबरला कुतला आली, आणि चार दिवसांत तुर्कांनी गावाला वेढा घातला. तीन बाजूंनी नदी आणि चौथ्या बाजूला शत्रू. पुढं जवळजवळ पाच महिने ही माणसं तिथं अडकून पडली.

सुरुवातीला धान्य होतं. मग रोजचा शिधा उतरत गेला. एप्रिलच्या मध्यापर्यंत तो माणशी पाच औंस पिठावर आला. पाच औंस म्हणजे आपल्या जुन्या मापानं बारा तोळे. आपल्याकडची बाई ज्वारीच्या एका भाकरीला जेवढं पीठ घेते, त्याच्या जेमतेम दीडपट. चोवीस तासांत एवढंच, आणि तेही बरेचदा जवाचं.

मांस होतं, पण ते घोड्यांचं आणि खेचरांचं. गोऱ्या शिपायांनी ते खाल्लं. हिंदी शिपायांनी नकार दिला. हिंदूंचा प्रश्न धर्माचा आणि जातीचा होता, तर आमच्या हनफी परंपरेत घोड्याचं मांस मकरूह, म्हणजे टाळावं असं मानलेलं. टाउनशेंडनं हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून खाण्याची मुभा मागवली, ती आलीही. तरी लोक खाईनात. मुभा धर्मगुरूंची मिळाली, पण गावी परतल्यावर पंगतीत कोण बसू देईल, सोयरीक कोण करील? शेवटी एप्रिलमध्ये भुकेनंच हजारो लोकांना ते खायला लावलं.

या हट्टाची किंमत मोठी होती. ताजं मांस नाही आणि भाजीपाला नाही, म्हणून हिंदी शिपायांना स्कर्व्हीनं गाठलं. हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. गोऱ्यांना स्कर्व्ही कमी झाली, पण त्यांना बेरीबेरी झाला. कारण त्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा होता, कोंडा काढलेला. आपल्या लोकांच्या आट्यात कोंडा होता, त्यामुळं ते बेरीबेरीपासून वाचले. पुढं गोऱ्यांच्या वाट्यालाही आटा आणि जव आले, तेव्हा त्यांचा तो आजार कमी झाला. जीवनसत्त्वांचं शास्त्र तेव्हा नुकतंच जन्माला येत होतं, आणि कुतचा हा अनुभव डॉक्टरांच्या पुस्तकांत कायमचा जाऊन बसला. आमच्या परदादांना यातलं काही ठाऊक असण्याचा संभव नाही. पण दादी सांगायची, की घरात कोणी पीठ फार बारीक चाळलं तर ते ओरडायचे, ‘भुसा मत फेंको!’ आम्हाला तो म्हाताऱ्याचा कंजूषपणा वाटायचा.

शिपाई हिरवा पाला शोधत हिंडायचे. त्यात विषारी पाल्यानं काहीजण दगावले. आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला तरोटा कळतो, चिवळ कळते, अंबाडी कळते. पण परमुलखातलं गवत कोणाला ओळखू येणार?

एप्रिलमध्ये विमानांतून अन्न टाकण्याचा प्रयोग झाला. वेढ्यात अडकलेल्या फौजेला आकाशातून शिधा पोचवण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. पीठ, साखर, मीठ, चॉकलेट आणि एकदा तर चक्क जात्याचा दगड! धान्य होतं तिथं दळायला दगड नव्हता, म्हणून आकाशातून जातं आलं. कवी म्हणून मला या चित्रानं फार दिवस झोपू दिलं नाही. ज्या जात्यावर आपल्या आयाबहिणींनी ओव्या गायल्या, ते जातं परक्या देशात आभाळातून पडतं आणि पलटणीतला कोणी लांगरी ते उचलून आणायला धावतो. पण तेरा हजार तोंडांना विमानं कुठवर पुरणार? २४ एप्रिलच्या रात्री २७० टन शिधा घेऊन ‘जुलनार’ नावाची आगबोट नदीतून घुसली, तीही तुर्कांनी अडवली. सुटका करायला आलेल्या फौजेची सुमारे तेवीस हजार माणसं मारली गेली किंवा जखमी झाली, तरी वेढा उठला नाही. पाच दिवसांनी कुत पडलं.

शरणागतीनंतर शुमरानच्या तळावर तुर्कांनी कैद्यांना बिस्किटं दिली. काळी, दगडासारखी, भुशाकाड्यांसकट भाजलेली. पाच महिने रिकाम्या राहिलेल्या पोटांना ती पेलली नाहीत. तिथंच कित्येकजण गेले. मग चाल सुरू झाली. शुमरान ते बगदाद, तिथून समारा, तिक्रित, मोसूल, नुसेबिन आणि शेवटी रास-अल-ऐन. समाऱ्यापर्यंत थोडी आगगाडी, बाकी उन्हाळ्यातलं वाळवंट. तुर्कस्तानातून बगदादकडं जर्मनांच्या मदतीनं जी रेल्वे बांधली जात होती, तिच्यावर या कैद्यांना जुंपलं गेलं. त्याच रास-अल-ऐनच्या आसपास त्या वर्षी आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या. कैद्यांनी तेही पाहिलं. जनरल टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या एका निसर्गरम्य बेटावर बंगल्यात, नोकराचाकरांसह राहिला. त्याच्या २,५९२ गोऱ्या शिपायांपैकी सतराशेहून अधिक कैदेत मेले किंवा बेपत्ता झाले. हिंदी शिपाई आणि फॉलोअर मिळून अडीच हजारांच्या आसपास परतले नाहीत. या मोहिमेच्या चौकशीसाठी विलायतेत कमिशन बसलं, आणि १९१७ मध्ये भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

आता ते कार्ड. रास-अल-ऐनहून १९१७ साली आलेलं. अक्षर दुसऱ्या कोणाचं तरी आहे, परदादांना लिहिता येत नव्हतं. चारच ओळी आहेत. मी सुखरूप आहे. इथं रोटी करतो. आटा मिळतो. घरी सर्वांना सलाम. एवढंच. कैदेतल्या पत्रावर तपासनिसाची नजर असते, हे खरं. पण माणसानं सांगायला निवडलं काय? ‘आटा मिळतो.’ कुतचा हिशेब वाचल्यावर मला त्या दोन शब्दांचं वजन कळलं. दोन वर्षं खबर नसलेल्या बायकोला या माणसानं सांगितलं, मी जगेन.

लोक त्यांना विचारायचे म्हणे, की तुम्ही तर मुसलमान, तुर्कांचा सुलतान तेव्हा खलिफा, मग तुम्हाला काय त्रास? तुर्कांनी मुसलमान कैद्यांना वेगळं काढलं, काहींना सवलती दिल्या, आपल्या बाजूला वळवायचा प्रयत्नही केला, हे इतिहासात आहे. पण परदादांचं उत्तर दादीच्या तोंडून आमच्यापर्यंत आलं ते एवढंच : ‘कैद कैद होती है.’ त्यापलीकडं ते बोलत नसत. बगदादच्या दर्ग्याची जियारत त्यांना घडली असेलही. कैद्यांची रांग त्या शहरातून गेली होती. पण तिथं ते यात्रेकरू म्हणून गेले नव्हते.

अशा कागदांचं काय होऊ शकतं, हे बंगालमधल्या घरांनी दाखवून दिलं आहे. डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी कुतमध्ये होते, रास-अल-ऐनला कैदेतच १९१७ मध्ये गेले. त्यांच्या आजीनं, मोक्षदा देवींनी, नातवाची पत्रं जमवून उतारवयात १९२८ मध्ये ‘कल्याणप्रदीप’ हे पुस्तक काढलं. शिशिर सर्वाधिकारी हे बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधले तरुण. त्यांनी डायरीची पानं बुटात लपवून कैदेतून बाहेर आणली आणि पुढं त्यातून ‘अभि ले बागदाद’ हे पुस्तक झालं. पण हे शिकलेले लोक होते. लांगरी काय लिहिणार? त्याच्या वाट्याला चिठ्ठी येते, ठसा येतो, आकडा येतो.

आणि दगडसुद्धा आकड्याचाच. बसऱ्याला १९२९ साली एक भव्य स्मारक उभं राहिलं. या मोहिमेत मेलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी. त्यावर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांचं मात्र पलटणीच्या नावाखाली ‘आणखी इतके’ एवढंच. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते स्मारक उचलून शहराबाहेर वाळवंटात नेलं गेलं. युद्धातल्या कबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ मध्ये एक अहवाल काढून या भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली. किमान एक लाख सोळा हजार, कदाचित त्याहून कितीतरी जास्त, आफ्रिकी, हिंदी आणि इतर माणसं नावानिशी कुठंच नोंदली गेली नाहीत, असं त्या अहवालात आहे. शंभर वर्षांनी आलेली माफी वाचायला परदादा नव्हते. ते जिवंत परतले होते, म्हणून तसंही कुठल्या स्मारकावर त्यांना जागा नव्हती.

परतल्यावर त्यांनी छावणीची नोकरी धरली नाही. तिवस्यात राहून लग्नाकार्याचं, उरसाचं जेवण रांधायचं काम सुरू केलं. देगा भाड्यानं आणायच्या, चुली खणायच्या, दोन माणसं हाताखाली घ्यायची. आज ज्याला केटरिंग म्हणतात तेच. आता ती चौथी जिन्नस, चोपडी. ती १९३० ते १९४१ सालची आहे. परदादांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ते सांगायचे आणि माझे आजोबा लिहायचे. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे, गावच्या मराठी शाळेत जाणारे. त्यामुळं उर्दू बोलणाऱ्या बापाचा हिशेब मुलानं मराठीत लिहिला. आमच्या घरातलं हे पहिलं मराठी लिखाण. कोणी विचारतं, तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता कशा लिहिता? माझं मराठी या चोपडीतून सुरू होतं. तांदूळ, तूप, लाकडं, मीठ, हळद.

प्रत्येक जेवणाचा हिशेब एका पानावर आहे. माणसं दोनशे, गहू इतके, तांदूळ इतके, बकरे इतके. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, बेरजेच्या आधी, मुलाच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ आहे : ‘मागच्यांसाठी ५ शेर.’ लग्न श्रीमंताचं असो की गरिबाचं, ही ओळ चुकलेली नाही. गरिबाकडचं पान असेल तर तिच्यापुढं किंमत लिहिलेली नाही, म्हणजे ते पीठ पदरचं असावं.

मागचे म्हणजे कोण? आजोबांना मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, पंगती उठल्यावर जे उरतात ते. वाढपी, देग घासणारे, पाणी भरणारा, बँडवाले, वऱ्हाडाचे गाडीवान, लांब उभी राहिलेली पोरं. त्यांच्यासाठी वेगळं पीठ आधीच काढून ठेवायचं. उरलंसुरलं द्यायचं नाही, वेगळी रोटी भाजायची.

तेव्हा मी फक्त ऐकून घेतलं. पुढं कुतचे आकडे वाचले आणि एका रात्री हिशेब मांडला. माणशी बारा तोळे धरले तर पाच शेरांत कुतच्या तेहतीस माणसांचा एका दिवसाचा शिधा होतो. परदादांनी असा हिशेब करून पाच शेर ठरवले, असं मी म्हणणार नाही. पण जो माणूस स्वतः फौजेच्या मागच्यांत होता, ज्यानं पंगतीच्या शेवटाला काय पोचतं ते पाहिलं होतं, तो आधी मागच्यांचं पीठ काढून ठेवतो, हे मला समजू शकतं.

दगडाचा वाद मिटला तो आमच्या शेजारच्या एका शेतकरी काकांमुळं. ते आमच्या ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. पुतण्या ‘सैनिक’ शब्दावर अडून बसला, तेव्हा ते म्हणाले, ‘बाबू, सैनिक काय उपाशी लढते काय? त्यायले जेवू घालनारा लहान कसा होते? जे होते तेच लिव्हा ना!’ पुतण्या हसला. वडीलधाऱ्यांना मी ते कार्ड वाचून दाखवलं. ‘आटा मिळतो’ यापाशी ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘लिखो. कैद में शरम की क्या बात है.’

आता दगडावर नावाखाली दोन ओळी आहेत. बावर्ची. कुत आणि रास-अल-ऐन इथले कैदी, १९१६ ते १९१८. नाव मी इथं मुद्दाम सांगत नाही. ते कबरीवर आहे, तेवढं पुरे. बाकीच्या तीन हजार दोनशे सत्तेचाळीस जणांची नावं मला सांगता येत नाहीत, तर एकाच्याच नावाचा गजर कशाला?

श्रोतेहो, हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. अशी ट्रंक तुमच्याही घरी असेल. वऱ्हाडातला कोणी खेचरवाला असेल, साताऱ्याचा लांगरी असेल. दुसऱ्या महायुद्धात कोकणातले आणि गोव्यातले किती खलाशी, बोटीवरचे भंडारी आणि खानसामे समुद्रात धरले गेले आणि जर्मनीतल्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिले. त्यांच्या नोकरीचं पुस्तक पत्र्याच्या नळीत ठेवलेलं असे, म्हणून त्या पुस्तकालाच ‘नळी’ म्हणत. कुठल्या तरी माळ्यावर ती असेल. पंजाबातल्या तीन लाख वीस हजार सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या; २०२१ पासून त्या लोकांना पाहता येऊ लागल्या आणि कित्येक घरांना आपले पणजोबा सापडले. आपल्याकडं मात्र घरची ट्रंक हेच पहिलं दफ्तर.

दिवाळीच्या किंवा ईदच्या साफसफाईत जुने कागद रद्दीत टाकण्याआधी एकदा उलगडून बघा. वाचता येत नसेल तर मोडी, उर्दू जाणणारा कोणी शोधा. तालुक्याच्या गावी अजूनही सापडतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, की हे कोणाचं, कुठलं, केव्हाचं. मूळ कागदावर पेन चालवू नका, टेप चिकटवू नका, लॅमिनेशन करू नका. साध्या कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. मोबाईलवर फोटो काढून दोन-तीन नातेवाइकांकडं पाठवा, म्हणजे एकाकडून हरवला तरी दुसऱ्याकडं राहील.

आणि त्या कागदात पराक्रम सापडला नाही तर निराश होऊ नका. पीठ किती, मीठ किती, माणसं किती, एवढंच सापडलं तरी ते जपा. मोठ्या इतिहासाला जे मोजता आलं नाही, ते बहुधा तिथंच लिहिलेलं असतं.